द्वारकाबाई ‘झालं’ म्हणेनात

द्वारकाबाईंइतकं घाबरट माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच त्या दाराबाहेर जाऊन उभ्या राहतात. बद्रीनाथ महाराजांच्या चपला वाजल्या की पदर आणखी पुढे ओढतात, मग महाराज दुसऱ्याच कुणाकडे आलेले का असेनात.

चितेगावच्या पुढे, पैठण रस्त्यावरून आत गेलं की महाराजांची मुलींची कीर्तनशाळा आहे. पन्नास-साठ मुली तिथं राहून अभंग, गीता, मृदंग शिकतात. द्वारकाबाई त्यांचा स्वयंपाक करतात. नवरा गेल्यावर कन्नडचं घर दिरानं बळकावलं, तेव्हा महाराजांनीच त्यांना स्वयंपाकघरामागची खोली दिली. त्याला तेरा वर्षं झाली. दुसरा आसरा त्यांना नाही. माझे सासरे दत्तोपंत गेल्यापासून त्यांच्या तिथीला आम्ही तिथं अन्नदान करतो आणि मी आदल्या दिवशीच भाज्या चिरायला जाते, तेव्हापासूनची आमची ओळख.

त्या शाळेत अन्नदानाच्या पंगतीची एक शिस्त आहे. पहिलं पान देवाचं, मग बाकीची. वाढणारीनं शेवटच्या पानापर्यंत जाऊन परत यायचं आणि देवाच्या तसबिरीकडे तोंड करून म्हणायचं, “झालं. सगळ्यांना पोचलं.” मग महाराज श्लोक सुरू करतात. त्याआधी कुणी घास मोडत नाही, महाराजसुद्धा नाहीत. हे सांगणं देवाला असतं, त्यात खोट चालत नाही, असं तेच मुलींना शिकवतात. तेरा वर्षं ते द्वारकाबाई म्हणत आल्या होत्या.

यंदा मी गेले तर त्या कोथिंबीर निवडत होत्या आणि पानं कचऱ्यात, काड्या टोपलीत चालल्या होत्या. काय झालं विचारलं, तर आधी उठून दाराबाहेर बघून आल्या, मग सांगितलं. आठ वर्षांच्या एका मुलीनं रात्री अंथरूण ओलं केलं, म्हणून शिकवणाऱ्या बाईंनी तिला ती ओली गादी डोक्यावर देऊन अंगणात उभं केलं. गंगापूरकडची मोनिका, सोळा-सतरा वर्षांची, तिनं त्या मुलीच्या आईला फोन करून हे कळवलं. महाराज चिडले ते गादीवरून नव्हे, फोनवरून. शाळेतली गोष्ट बाहेर नेली! सगळ्यांसमोर माफी माग, तोवर तुझी पंगत बंद. सकाळ-संध्याकाळ कपभर दूध तेवढं मिळेल. मोनिका माफी मागत नव्हती. तो दुसरा दिवस होता.

“तुम्ही काही दिलं नाही तिला?” मी विचारलं. दिलं असेल, अशी माझी आशा होती.

“नाय ओ ताई. महाराज म्हणले, एक घास जरी गेला तर बोचकं बांधा. मी कुठं जाऊ?” त्यांनी टोपली बाजूला सारली. “पोरगी खिडकीतून चुलीकडं बघायली. मी खिडकीच लावून घेतली.”

दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसली. माझ्या सासूबाई, आमचे हे, सगळे समोरच्या ओळीत. मी बुंदी वाढत होते, द्वारकाबाई वरण. शेवटच्या पानापर्यंत जाऊन त्या परत आल्या, तसबिरीसमोर उभ्या राहिल्या, आणि गप्प. मला वाटलं, श्वास घेतायत. मग पळी बादलीच्या कडेवर वाजायला लागली.

महाराज म्हणाले, “हं, द्वारकाबाई.”

“नाय झालं, महाराज.” आवाज इतका बारीक, की मागच्या मुलींना ऐकूच गेला नसेल. “एक पान राह्यलंय.”

“ते पान आज नाही. तुम्हाला माहीत आहे.”

“व्हय. पण मग देवाला काय सांगू? पोचलं म्हणू?”

त्यांनी हे वाद घालायला विचारलं नव्हतं. त्यांना खरंच कळत नव्हतं. महाराजांची भीती होतीच, पण समोर तसबीर होती, आणि तिची त्यांना जास्त भीती वाटत होती.

महाराजांनी मोठ्या मुलींकडे पाहिलं. एकीनंही मान वर केली नाही. मग माझ्याकडे वळले. “ताई, तुम्ही यजमान. तुम्ही म्हणा.”

सगळी पंगत माझ्याकडे बघत होती. सासूबाईंनी डोळ्यांनी खुणावलं, म्हणून टाक. मी परातीतल्या बुंदीकडे बघत राहिले. याला नकार म्हणत असाल तर म्हणा, पण माझी जीभच उचलली नाही. भात निवत होता. धाकट्या मुलींपैकी एक हळूच रडायला लागली आणि ते ऐकून द्वारकाबाईंच्या डोळ्यांतूनही पाणी आलं. आपल्यामुळे पोरं उपाशी बसलीत, हेही त्यांना सोसवत नव्हतं. तरी त्या ‘झालं’ म्हणाल्या नाहीत.

महाराज उठले आणि बाहेर गेले. आता बोचकं, असं मला वाटलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. ते आले तेव्हा मागं मोनिका होती. कुणाकडेही न बघता महाराज म्हणाले, “पान मांडा.”

द्वारकाबाईंनी वाढलं. वरण पानात कमी आणि जमिनीवर जास्त पडलं. मग त्या ‘झालं’ म्हणाल्या, पण ते कुणाला ऐकूच आलं नाही, दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

त्या दिवशी दुपारीच त्यांनी बोचकं बांधलं. कुणी जा म्हटलं नव्हतं, पण कोणत्याही घडीला म्हणतील म्हणून. आठ दिवस ते बांधलेलंच होतं; रोज एक लुगडं ओढून काढायचं आणि वाळलं की परत कोंबायचं. नवव्या दिवशी महाराज स्वयंपाकघरात आले. द्वारकाबाई भिंतीला धरून उभ्या. महाराज एवढंच म्हणाले, की यापुढे देवाला सांगायचं काम मुली आळीपाळीनं करतील, तुम्ही फक्त वाढा. खोलीचं काही बोलले नाहीत. पंगत बंदची शिक्षा त्यानंतर अजून कुणाला झालेली नाही.

महिन्याभरानं मी भेटायला गेले तर म्हणाल्या, बरं झालं बाई, सुटले. मी विचारलं, पुन्हा तशी वेळ आली तर? त्यांनी सवयीनं दाराकडे पाहिलं.

“नाय ताई. एकदाच झालं ते. आता नाय व्हायचं माझ्याच्यानं.”