भावीची ताकद

संग्रामपुरात ज्याचा वाढदिवस फ्लेक्सवर झळकला नाही तो माणूस जन्मलाच नाही, असं धरून चालायला हरकत नाही. आणि हे सगळे जन्म ज्याच्या हातून होतात तो हर्षल. त्याचं फ्लेक्सचं दुकान आणि माझं कृषी केंद्र यांच्यामध्ये एकच भिंत आहे, तीही अर्धी पत्र्याची. त्यामुळे त्याच्या गिऱ्हाइकांच्या फर्माइशी मला बसल्या जागी ऐकू येतात. टकलावर केस टाक. पोट आत घे. पुण्याला गेलेला पोरगा शेजारी उभा कर. एकाने तर वारलेल्या सासऱ्याच्या गळ्यातला हार काढून त्याला शुभेच्छुकांच्या रांगेत बसवायला लावलं. हर्षल सगळं करून देतो, तोंडातून चकार शब्द काढत नाही.

हा झाला धंदा. त्याचं खरं काम दुपारी, गिऱ्हाईक नसताना चालतं. तेव्हा तो प्राणी जन्माला घालतो. त्याने ‘रानझुंज’ नावाचा पत्त्यांचा खेळ तयार केला आहे. आपल्या रमीसारखा नव्हे. प्रत्येक पत्त्यावर एक प्राणी, त्याची ताकद, त्याची खोड, आणि त्याला मैदानात उतरवायला किती दम लागेल तो आकडा. पत्ते जमवायचे, एकमेकांत अदलाबदल करायचे, आपला गठ्ठा बांधायचा आणि समोरच्याच्या उरावर बसायचं. दम म्हणजे तुरीचे दाणे. दर पाळीला एक दाणा मिळतो, आणि माणशी दहाच. ज्याची जेवढी ताकद, त्याच्या निम्मे दाणे मोजल्याशिवाय तो मैदानात येत नाही. हा नियम बसवायला हर्षलला चार वर्षं लागली, आणि त्या चार वर्षांत तपासणीचा बकरा मीच होतो.

प्राण्यांसाठी तो लांब जात नाही. रोही आहे, म्हणजे नीलगाय, ताकद आठ, कुंपणाचा पत्ता त्याला लागू होत नाही. यात काय खोटं आहे ते सातपुड्याच्या पायथ्याशी हरभरा पेरणाऱ्या कुणालाही विचारा. खारजळी नावाची एक बाई विहिरीत राहते, दिसायला देखणी, केस मिठाने पांढरे झालेले. तिचं पाणी प्यायलेला प्राणी दर पाळीला थोडा थोडा झिजतो, आणि दुसरं पाणीच नसल्यामुळे पीत राहतो. डांबरखाऊ पावसाळा संपला की उगवतो, नवा रस्ता खाऊन झोपतो आणि पुढचं टेंडर निघेपर्यंत उठत नाही. पुण्यातल्या खेळ छापणाऱ्या एका कंपनीने हर्षलला कळवलं होतं की चित्रं झकास आहेत, पण यात ड्रॅगन घाला. हर्षलचं म्हणणं असं की ड्रॅगन आमच्या भागातलं खारं पाणी आठ दिवस प्यायला तर त्याला मुतखडा होईल. ते प्रकरण तिथेच मिटलं.

आणि मग आहे ‘भावी’. पांढरा कडक शर्ट, गॉगल, दोन्ही हातांत मोबाईल, आणि तरीही हात जोडलेले, कारण त्याला चार हात आहेत. ताकद फक्त दोन. पण त्याच्या खाली ‘शुभेच्छुक’ लावत गेलं की दर शुभेच्छुकामागे त्याची ताकद एकाने वाढते. समोरच्याने ‘नाश्ता’ टाकला की सगळे शुभेच्छुक उठून तिकडे जातात. मला सगळ्या खेळात हाच प्राणी सगळ्यात जास्त आवडतो.

तो कुणावरून काढला हे सांगायची गरज नव्हती. भाऊराव आमच्याकडे गेली वीस वर्षं भावीच आहेत, आधी भावी सरपंच होते, मग भावी सभापती झाले, आता भावी जिल्हा परिषद सदस्य आहेत. दोनदा निवडणुकीत पडले, एकदा उभं राहण्याआधीच पडले. हर्षलचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच. त्यांच्या पहिल्या फ्लेक्सवरचे केस त्यांचे स्वतःचे होते, एवढा जुना हा व्यवहार आहे.

तर यंदाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स सांगायला भाऊराव आले तेव्हा आम्ही दोघं खेळत बसलो होतो आणि मी अगदी रंगात येऊन ओरडत होतो की भावीचे सगळे शुभेच्छुक मी नाश्त्याच्या पोह्यांवर फोडले. मागे वळलो तर साहेब दारात. त्यांनी पत्ता उचलला, गॉगल वर करून पाहिला.

“हा मी हाय का बे?”

हर्षल म्हणाला, काल्पनिक आहे. त्यावर भाऊरावांनी स्वतःचा गॉगल काढून पत्त्याशेजारी ठेवला. दोन्हींची सोनेरी दांडी सारखीच होती. आता दुकानाची काच फुटणार, असं समजून मी माझी खुर्ची मागे घेतली. पण भाऊराव बाकीचे पत्ते चाळत होते, आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत होता.

“रोह्याले आठ, अन मले दोन?”

चार हातांचं त्यांना काही वाटलं नव्हतं. पोह्यांचंही नाही. आकडा मात्र जिव्हारी लागला. मग त्यांनी बसूनच घेतलं, सगळा खेळ विचारला, आणि उठताना जे सांगितलं ते ऐकून मीच आडवा व्हायचा बाकी होतो. वाढदिवसाला तालुक्यातल्या सगळ्या शाळांत रानझुंजीचे गठ्ठे वाटायचे, हजारभर तरी, छपाई सगळी भाऊरावांची. अट एकच, भावीची ताकद पन्नास करायची.

चार वर्षं हर्षल ज्याची वाट पाहत होता ते दारात चालून आलं होतं. पोरांच्या हातात खेळ जाणार होता. आणि हा बाबा म्हणाला, विचार करून सांगतो.

मी त्याला शिव्या घातल्या. त्याची आई पुष्पाबाई डबा घेऊन आली होती, तिनेही समजावून पाहिलं. “करून दे ना रे बापा पन्नास. आकड्याले का शेंगा लागते?” हर्षल पोळी मोडत बसला होता. म्हणाला, “फ्लेक्सवर समोरचा म्हणन तसं करतो ना मी? सगळ्याइचे केस काळे केले. एवढं एकच हाय जिथं मी कोणाचं ऐकत नाही.” पुष्पाबाईने माझ्याकडे पाहिलं. मला त्याचं पटलं होतं आणि त्याचा रागही आला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने भाऊरावांना फोन केला आणि सांगितलं की पन्नास लिहितो, पण नियम सगळ्यांना एकच राहील. पलीकडून उत्तर आलं ते मलाही ऐकू आलं, कारण भाऊराव फोनवर सभेसारखेच बोलतात. “नियम तुहा, आकडा माहा.” झालं, हा पण विकला गेला, असं म्हणून मी माझ्या दुकानात निघून गेलो. आदल्या दिवशी मीच त्याला विकला जा म्हणून सांगितलं होतं, ते सोडा.

प्रूफ निघालं तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. भावी, ताकद पन्नास, ठळक लाल अक्षरांत. आणि वरच्या कोपऱ्यात, बाकी सगळ्यांच्या असतो तेवढ्याच आकारात, दम पंचवीस, नियमाप्रमाणे निम्मे. दाणे तर दहाच असतात. मी हसता हसता युरियाच्या गोणीवर बसलो. मग हसू गेलं, कारण हे भाऊरावांच्या लक्षात आलं की छपाई तर गेलीच, दुकानही गेल्यात जमा होतं. हर्षलला तसं म्हणालो. तो म्हणाला की नियम एकच राहील हे त्याने फोनवर सांगितलं होतं, भाऊरावांनी ऐकलं नाही तो त्यांचा प्रश्न.

भाऊराव दोन कार्यकर्ते घेऊन प्रूफ बघायला आले. लाल पन्नास पाहून खूश झाले, कार्यकर्त्यांना दाखवला, फोटो काढला. मग म्हणाले, एक डाव होऊन जाऊ दे, आणि माझ्यासमोर बसले. नशीब बघा, पहिल्याच वाटणीत भावी त्यांच्या हातात आला. खुशी लपवताही येईना त्यांना. पत्ता एका बाजूला जपून धरला आणि दाणे साठवायला लागले. दुसरं काही उतरवेनात. मी रोही आणला, खारजळी आणली, त्यांचं मैदान चरून साफ केलं. ते आपले दाणे रचत होते. दहा झाले तसा त्यांनी कोपऱ्यातला आकडा न बघताच भावी उचलला.

हर्षल शांतपणे म्हणाला, “पंचवीस लागते भाऊ.”

एक कार्यकर्ता लगेच म्हणाला की मग दाणे पंचवीस करा, तुरीला काय तोटा आहे. हर्षलने सांगितलं, करू, पण समोरच्यालाही पंचवीस मिळतील, आणि तेवढ्या दाण्यांत सहा रोही येतात. कार्यकर्ता हसला. भाऊरावांनी त्याच्याकडे पाहिलं तसा बाहेर जाऊन उभा राहिला.

मी खेळत राहिलो, दुसरं काय करणार. हरेपर्यंत भाऊरावांनी तो पत्ता खाली टाकला नाही. डाव संपला तेव्हा त्यांच्या हातात तेवढाच उरला होता. मला त्या माणसाची एकदम फार दया आली. इतकी वर्षं मी त्यांच्या फ्लेक्सना हसत आलो, पण वीस वर्षं नुसतंच हातात राहायचं म्हणजे काय, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. हर्षलही खाली बघत होता. त्याने हे जिंकण्यासाठी केलं नव्हतं.

“हर्षल्या,” भाऊराव म्हणाले, “कमी कर.”

“किती करू?”

“तूच ठरव.” त्यांनी पत्ता टेबलावर उताणा ठेवला. “पण एक डाव तं मैदानात उतरू दे मले.”

हर्षल कॉम्प्युटरकडे वळला. पन्नास पुसले आणि रिकाम्या जागेकडे बघत विचार करत बसला. भाऊराव त्याच्या खुर्चीमागे उभे होते, आणि या वेळी आकडा सांगत नव्हते.