एव्हरिलची बंदूक आणि मॅव्हिसची टॉफी

आमच्या खोऱ्यात एव्हरिल बर्केट कुठे आहे, हे कुणाला विचारावं लागत नाही. ती चर्चच्या फाटकाशी बोलायला लागली की ओढ्यापलीकडे माझ्या मेंढ्या माना वर करतात. शाळेची बस चालवण्यात तिचा जन्म गेला. मागच्या बाकावरच्या वांड पोरांना दम देता देता जो आवाज चढला, तो निवृत्त झाल्यावरही उतरला नाही. मात्र कधी कधी ती अजिबात ऐकू येत नाही. तसं झालं की समजायचं, बाई बंदूक घेऊन कुठल्या तरी कुंपणामागे पालथी पडली आहे.

बंदूक हवेची, आणि टोकाला आवाज गिळणारं नळकांडं बसवलेलं. उडाली तर शेजारी कुणी दबकं शिंकलं असं वाटतं. चर्चच्या आवारात थडगी उकरणारे ससे, माझ्या कोठारातले उंदीर, वाटाणे फस्त करणारी रानकबुतरं, सगळ्यांचा बंदोबस्त तिच्याकडे. तिचा एक नेम मात्र पक्का. ज्याची जमीन त्याच्या तोंडून होकार आल्याशिवाय बंदूक पिशवीतून बाहेर काढायची नाही, आणि दर हंगामाला नव्याने विचारायचं.

"अगं, माझे शलगम खाऊन ससे माझ्यापेक्षा जाड झालेत. विचारतेस काय?" मी दरवर्षी म्हणतो.

"जॉस फ्लेमिंग, हो म्हण आधी!" ती खेकसते.

मग हो म्हणायचं. पहिला ससा सोलून, साफ करून जमीनवाल्याच्या दाराच्या कडीला लटकतो. मी कांदे-गाजरं घालून त्याचा स्ट्यू करतो. तो चांगला होतो, असं एव्हरिल सोडून सगळे म्हणतात.

पण तिचा खरा जीव तांबड्या खारींत. देशभर करड्या खारी माजल्या, तरी आमच्या जंगलात अजून तांबड्या टिकून आहेत. करडी आली की तांबडीचं खाणं पळवते, शिवाय आपल्यासोबत एक रोग आणते. तिला स्वतःला त्याचं काही होत नाही, तांबडी मात्र त्यात तडफडून मरते. त्यामुळे खोऱ्यात एक जरी करडी दिसली तरी एव्हरिलची झोप उडते.

गेल्या हिवाळ्यात तशी उडाली. जंगलात खारींसाठी दाण्यांच्या पेट्या टांगलेल्या असतात. त्यांच्या झाकणाला आतून चिकटपट्टी लावतात, म्हणजे कोण येऊन गेलं ते केसांवरून कळतं. एव्हरिलला पट्टीवर करडे केस सापडले. ती माग काढत निघाली आणि थेट मॅव्हिस टायसनच्या परसाच्या भिंतीशी पोचली. सोबत मी होतो, कारण मला कामं सोडून नसते उद्योग आवडतात.

मॅव्हिस ही एव्हरिलची सगळ्यांत जुनी मैत्रीण. तिच्या नवऱ्याने, आयझॅकने, एका तांबड्या खारीला लळा लावला होता. तिचं नाव टॉफी. आयझॅक गेला, पण टॉफी रोज मॅव्हिसच्या मांडीवर येऊन हेझलनट खाते, हे सगळ्या खोऱ्याला माहीत. मॅव्हिसच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तिला सगळं जग कडक चहाच्या रंगाचं दिसतं. आम्ही भिंतीवरून डोकावलो, तर मॅव्हिस बाकावर बसून गप्पा मारत होती आणि तिच्या मांडीवर एक थोराड करडी खार बसली होती.

"ती चहा करायला आत गेली की उडव," मी कुजबुजलो. "तिला पत्ताही लागणार नाही. बंदूक गुपचूप उडते ती कशासाठी?"

एव्हरिलने माझ्याकडे अशी नजर टाकली की बस असती तर मी गुमान मागच्या बाकावर जाऊन बसलो असतो. "न विचारता? मैत्रिणीच्या परसात? लाज वाटत नाही?"

तिने विचारलं. मॅव्हिसने डोक्यात राख घालून घेतली.

"करडी? माझी टॉफी? आयझॅकच्या हातची?"

"अगं बाई, मी या डोळ्यांनी पाहिलं!"

"बंदूक हातात आली की तुला माझं मांजरसुद्धा करडं दिसेल. आणि ओरडू नकोस, माझे डोळे गेलेत, कान नाहीत!"

दार धाडकन लागलं. दर गुरुवारचे आमचे पत्त्यांचे डाव बंद पडले. मॅव्हिसच्या घरामागेच तांबड्यांची घरटी, थोड्या दिवसांत तिथे पिल्लं होणार. एव्हरिल इतकी गप्प झाली की माझ्या मेंढ्याही बावरल्या. "रोग आत शिरला तर एक उरायची नाही, जॉस," ती म्हणायची. "आणि तिच्या होकाराशिवाय मी तिथे बंदूक नेणार नाही." नुसता हट्ट! मला दोघींचाही राग यायचा.

मग एका सकाळी ती दुकानातून लोण्याच्या दोन वड्या घेऊन आली आणि मला ओढत मॅव्हिसकडे निघाली. मॅव्हिसने गावच्या समारंभांचे केक जन्मभर केले, तेही काटा न वापरता. पीठ, साखर, लोणी, सगळं तळहातावर तोलून.

"भांडायला आले नाही," एव्हरिल दारातून म्हणाली. "हात पुढे कर."

मॅव्हिसने नाक मुरडत हात पुढे केला. एव्हरिलने त्यावर एक वडी ठेवली.

"पाव किलो लोणी," मॅव्हिस म्हणाली. "आणि स्वस्तातलं आणलंस."

"आयझॅक होता तेव्हा टॉफी मांडीवर बसली की केवढी लागायची?"

मॅव्हिसने हात जरा खालीवर केला. "एवढीच. याहून चिमूटभर जास्त."

"आणि आता?"

"थंडीत जाड होतात त्या," मॅव्हिस पुटपुटली. मग हात तसाच पुढे ठेवून तीच म्हणाली, "दे ती दुसरी."

एव्हरिलने दुसरी वडी पहिलीवर ठेवली. मॅव्हिस कितीतरी वेळ हात तोलत राहिली.

"एवढी," ती म्हणाली. "कधीपासून गं?"

"कुणास ठाऊक."

"म्हणजे माझ्या नवऱ्याच्या सगळ्या चहाड्या मी कुणा परक्याच खारीला सांगत बसले!" ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मीही रडलो, त्यात काय लपवायचं?

"हो म्हणते मी," मॅव्हिसने डोळे पुसले. "पण आधी तिला पोटभर खाऊ दे. आणि मी इथेच बसणार."

दुसऱ्या दिवशी दाणे भिंतीवर तिनेच ठेवले. एव्हरिलने स्वयंपाकघराच्या खिडकीत बंदूक टेकवली. मॅव्हिस तिच्याशेजारी खुर्चीत, स्वतःचेच हात एकमेकांत घट्ट धरून.

"चहा आत्ता टाकू, की वेळ आहे अजून?" तिने विचारलं.

"झालं, मॅव्हिस," एव्हरिल म्हणाली.

करडीचे केस सापडलेली ती जंगलातली पेटी त्या दोघींनी, रोग मागे राहू नये म्हणून, औषधाने घासून घासून धुतली. पुढे कित्येक आठवडे भिंत रिकामी होती. गुरुवारचे डाव सुरू झाले, पण मॅव्हिसचं लक्ष लागत नव्हतं. मी सारखा जिंकत होतो, आणि त्यात काही मजा नव्हती.

एप्रिलमध्ये, ऊन पडलं म्हणून, आम्ही परसात डाव मांडला होता. भिंतीवर काहीतरी कुरतडल्याचा आवाज आला. मॅव्हिसचे पत्ते हातातच राहिले.

"कोण आहे? एव्हरिल, कुठली आहे?"

एव्हरिलने तोंड उघडलं आणि मिटलं. तिचे डोळे असे भरले होते की तिला भिंतसुद्धा दिसत नसावी.

"तांबडी आहे," मी म्हणालो. "कान, शेपूट, सगळं तांबडं."

"माझी शपथ?"

"तुझी शपथ."

मॅव्हिसने पत्ते उपडे टाकले. "जॉस, ऊठ. केंडल गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरला फोन लाव. हिला बघायचंय मला."