गिरदावराच्या आईचं सुतक

माझ्या धाकट्या भावाची नात परवा भेटायला आली. तिनं मोबाईलवर माझ्या माहेरच्या आडनावाची मोठी माणसं काढून दाखवली. एक न्यायाधीश, एक क्रिकेट खेळणारा, सिनेमातली एक बाई, दोन आमदार, लढाईत पदक मिळवलेला एक फौजी. कोणी कोकणातला, कोणी नागपूरकडचा. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, आडनाव तेवढं एक.

"आत्याआजी, यातलं आपलं कोण?" तिनं विचारलं.

"कोणी नाही."

"तुला काय माहीत? लांबचं असेल की."

"यातलं कोणी मेलं तर आपल्याला सुतक येत नाही. ज्याचं सुतक येत नाही तो आपला नाही."

तिला हसू आलं. मला आलं नाही. माझ्या बानं एकदा आपलं नसलेलं सुतक धरलं होतं. त्याचं पुढं काय झालं ते लिहून ठेवते. माझी शाळा चौथीपर्यंतची, जमेल तसं लिहिते. आडनाव लिहीत नाही, गावाचं नावही लिहीत नाही. दौलताबादच्या किल्ल्यामागं दोन कोसांवर ते गाव आहे, एवढं पुरे.

आम्ही मूळचे त्या गावचे नव्हतो. बा सोयगावाकडचा. तिकडं भावाभावांत वाटण्या झाल्या, बाच्या हाती खडकाळ तुकडा आला. तो विकून, मायला आणि मला घेऊन तो इकडं आला आणि थोडी जमीन घेऊन राहिला. गावात आमच्या आडनावाचं एकच घर. बाकी सगळ्यांना भावकी होती. कोणाच्या म्हशीनं कोणाचं पीक खाल्लं तर दहा माणसं या बाजूला उभी राहायची, दहा त्या बाजूला. बाच्या बाजूला माय उभी राहायची.

त्यामुळं असेल, बाला मोठ्या माणसांचा नाद लागला. आमच्या आडनावाचा एक पैलवान जालन्याकडं होता, एक वकील हैदराबादेत, एक कीर्तनकार परभणीकडं. बानं यातला एकही डोळ्यांनी पाहिला नव्हता. पण पारावर बसला की "आमचा पैलवान", "आमचे वकीलसाहेब". एक म्हातारा त्याला म्हणायचा, "आरं, एवढी मोठी भावकी हाय, तर तुझ्या पोराच्या बारशाला एक बी का आला नाय?" सगळे हसायचे. बाही हसायचा. तोवर त्यानं कोणाचं काही बिघडत नव्हतं.

मग आमच्या भागाला नवा गिरदावर आला. निजामाच्या राज्यात गिरदावर म्हणजे पाच-पन्नास गावांवरचा महसुलाचा साहेब. लेव्हीचं धान्य, म्हणजे सरकार सक्तीनं घ्यायचं ते, त्याच्या हुकमानं जायचं. त्याचंही आडनाव आमचंच निघालं. चावडीत बाचं आडनाव ऐकून तो म्हणाला, "मग आपलेच म्हणायचे." साहेबलोक काहीतरी बोलायचं म्हणून बोलतात. बानं ते बोलणं घरी आणलं, मायला सांगितलं, मला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला सांगितलं.

लेव्हीचे शिपाई दारोदार आले. तेव्हा धान्य जमिनीखाली पेवात साठवत. खोल खड्डा, आत रुंद, तोंड लहान, वर फरशी. एकेक पेव उघडून त्यांनी जोंधळा नेला. आमच्या अंगणात आले आणि त्यातला एक म्हणाला, "हे साहेबाचं घर हाय." ते पुढं गेले. आमचं पेव उघडलं नाही. गावानं ते पाहिलं.

शेजाऱ्यानं गोठ्याखाली दुसरं पेव लपवलं होतं. ते कसं कळलं देव जाणे. आषाढात गिरदावर निजामाच्या बाजूचे चार हत्यारबंद रझाकार घेऊन आला आणि सरळ त्या गोठ्यात गेला. शेजाऱ्याला खांबाला बांधून मारलं. तो तिसऱ्या दिवशी मेला. घरात त्याची बायको आणि धाकटा भाऊ राहिले. बा मयतीला गेला तर कोणी त्याला खांदा देऊ दिला नाही.

त्या दिवसापासून बाचं पारावरचं बोलणं बंद झालं. आपण गिरदावराचे कोणी नाही हे साहेबाला कळलं तर तो आपलंही पेव उघडेल आणि आपल्यालाही बांधेल, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. श्रावणात गिरदावराची आई वारली. बानं दहा दिवसांचं सुतक धरलं. देवळात गेला नाही, घरात गोड केलं नाही, दहाव्या दिवशी ओढ्यावर डोकं आणि मिशी उतरवून आला. माय म्हणाली, "कोण मेलं तुमचं? माझी सासू तर कवाच गेली." बा म्हणाला, "गप. त्याच्या कानावर जायला पाहिजे." माय त्या दिवशी जेवली नाही. नसलेलं सुतक धरलं की खरं येतं, असं तिला वाटायचं.

भादव्यात हिंदुस्थानच्या फौजेची पोलीस अ‍ॅक्शन झाली. विमानं गेली, औरंगाबादच्या सडकेवरून मोटारी गेल्या, आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. गावानं गूळ वाटला. आमच्या घरी कोणी दिला नाही. गिरदावर रातोरात पळाला. मग लोक त्याची माणसं शोधायला लागले. पलीकडच्या गावात त्याच्या चुलतभावाचे दोन्ही हात तोडल्याची बातमी आली. बानं पटका बांधला आणि झोपतानाही सोडला नाही. पटक्याखाली केस अजून खुरटेच होते.

मी तेव्हा अकरा वर्षांची. बाजरीत पाखरं हाकायला माळ्यावर बसले होते. उन्हं वर आली होती. ओढ्याच्या अंगानं नऊ माणसं येताना दिसली. पुढं शेजाऱ्याचा धाकटा भाऊ, हातात कुऱ्हाड. मी गोफण तिथंच टाकून घरी धावले आणि बाला सांगितलं.

बा दारातून बाहेर पडून कुठं जाणार. शेतं उघडी, गाव समोर. तो अंगणात पेवापाशी गेला. पेवात उतरायच्या आधी तोंड उघडून वारा खेळू द्यायचा असतो. मग कंदील सोडून बघायचा. विझला तर उतरायचं नाही, आतली हवा माणूस मारते. हे बानंच मला शिकवलं होतं. त्या दिवशी त्यानं कंदील घेतला नाही. "चार दिसांमागंच उघडलं व्हतं," म्हणाला. "फट ठेव." आणि उतरला. मायनं फरशी ओढली, कडेला एक दगड सारून चार बोटांची फट ठेवली, वर गोवऱ्या पसरल्या.

माणसं आली.

"कुठं हाय तो?"

"सोयगावला गेलेत," माय म्हणाली. भाऊ तिच्या कडेवर होता.

"कवा?"

"तीन दिस झाले."

"मग काल पारावरून कोण गेलं? त्याचं भूत?" एकानं विचारलं.

त्यांनी घर बघितलं, गोठा बघितला, बाजरीत दोघं जाऊन आले. मग सगळे अंगणातच बसले. एक जाडजूड माणूस गोवऱ्या पायानं बाजूला सारून फरशीवर टेकला. त्याच्या वजनानं दगड सरकला. फरशी बसल्याचा आवाज आला. तो मी ऐकला, मायनं ऐकला.

शेजाऱ्याचा भाऊ उभाच होता. तो मायला म्हणाला, "वहिनी, गिरदावर मेला. सकाळी लोकांनी ठेचला. आता तुमच्यात दहा दिसांचं सुतक लागलं."

"आमचं कोणी मेलं नाय."

"त्याची माय मेली तवा लागलं व्हतं. टक्कल समद्या गावानं बघितलं."

"ते खोटं व्हतं, भाऊजी."

"सुतक खोटं?"

"व्हय."

तो म्हणाला, "सुतक नाय ना? मग कढई ठेव. गुलगुले तळ. आमी हाय बसून. तुझा नवरा कुठं बी असंल, त्याला बोलव आन् आमच्यासमोर खाऊ दे. खाल्लं तर तो त्याचा नाय."

भावकीतलं माणूस मेलेल्या दिवशी कोणी तळण करत नाही, गोड खात नाही. कितीही नीच माणूस असला तरी ते त्याच्यानं होत नाही. हे त्यांनाही माहीत होतं, आम्हालाही.

मायनं भावाला माझ्याकडं दिलं. चूल अंगणातच होती. तिनं पीठ घेतलं, गुळाचं पाणी केलं, मला जाळ घालायला सांगितलं. काडी दोनदा विझली. ती पीठ कालवत होती आणि नजर वर करत नव्हती. मी मात्र फरशीकडं बघत होते. तो माणूस तिथं बसून तंबाखू मळत होता. आतून काहीच आवाज येत नव्हता. आवाज आला तर बा मरणार आणि नाही आला तरी मरणार, हे मला अकराव्या वर्षी नीट समजत होतं.

पहिला घाणा झाला. दुसरा सोडला. तेवढ्यात मायनं झारा खाली ठेवला आणि उभी राहिली. अजिबात ओरडली नाही. बाजारात भाव सांगावा तसं म्हणाली, "ते पेवात हायेत. हा दादा बसलाय त्याखाली. लई येळ झाला. आधी बाहेर काढा, मग काय करायचं ते करा. मला एकटीला फरशी उचलत नाय."

फरशीवरचा माणूस चटका बसल्यासारखा उठला.

शेजाऱ्याच्या भावानं फरशी सारली. आत वाकून हाक मारली. ओ नाही. "कंदील आण," तो मला म्हणाला. मी पेटवून आणला. दोरीनं आत सोडला, हातभर गेला आणि विझला. तो काठावर बसून राहिला, त्या अंधारात बघत. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मला वाटलं तो आता फरशी परत ओढणार. कोणी त्याला काही म्हटलं नसतं. मायनंही नाही.

त्यानं कुऱ्हाड बाजूला ठेवली. बैलाचा कासरा कमरेला बांधला, ओला पंचा नाकाला गुंडाळला आणि उतरला. वरून चौघांनी कासरा धरला. आतून हिसका आला तसा त्यांनी तो ओढला. आधी बाचे हात दिसले, मग डोकं, मग त्याला खांद्यावर धरून रेटणारा तो. पटका खालीच राहिला होता. खुरटे केस जोंधळ्याच्या धुळीनं पांढरे झाले होते. त्याला उताणा टाकला, तोंडावर पाणी मारलं, छाती चोळली. ओठ काळे पडले होते. मायनं त्याला हात लावला नाही, ती लांब उभी होती. मग बा ओकला. ओकला म्हणजे जिवंत आहे, असं कोणीतरी म्हणालं.

शेजाऱ्याचा भाऊ त्याच्यासमोर उकिडवा बसला. त्यालाही धाप लागली होती.

"तो तुझा कोण?"

"कोणी नाय." बाचा आवाज पिंजलेला होता.

"मग केस का काढले?"

"पेव वाचावं म्हणून."

"वाचलं?"

"वाचलं."

"माझ्या भावाचं?"

बानं हातानं डोक्यावरची धूळ पुसली. तेव्हा मला वाटलं की शेजाऱ्याचा भाऊ आता कुऱ्हाड उचलणार. तो कुऱ्हाडीकडं बघतही होता.

"खा," तो म्हणाला.

मायनं ताटलीत गुलगुले आणून ठेवले. बानं पहिला उचलला, तो हातातून पडला. दुसरा खाल्ला. गिळताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते धुरानं, ओकल्यानं की कशानं मला माहीत नाही. नऊ माणसं त्याचं तोंड बघत बसली होती. चौथ्याला तो थांबला.

"अजून घे."

त्यानं घेतला. ताटली संपेपर्यंत त्यांनी त्याला उठू दिलं नाही. संपल्यावर ते गेले. मारलं नाही. कोणी शिवीही दिली नाही.

गिरदावर मेला नव्हता. तो हैदराबादेत सुखरूप होता, असं आम्हाला दिवाळीनंतर कळलं. त्या दिवशी त्यांना ते माहीत होतं की नव्हतं, मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बा जोंधळ्याचं पोतं पाठीवर घेऊन शेजारी गेला. मी मागं गेले, मायनं पाठवलं होतं. विधवा दारात बसून तूर निवडत होती. तिनं मान वर केली नाही. बानं पोतं ओट्याला टेकवलं आणि तिच्या दिराला विचारलं, "मी ऱ्हाऊ का जाऊ, ते सांगा. सोयगावला जाईन म्हनता तर उद्याच निघतो."

दीर गोठ्याच्या खांबाला टेकून उभा होता. त्याच खांबाला.

"ऱ्हा," तो म्हणाला. "कुठं जाऊ नको. आमाला दिसत ऱ्हा."

बा राहिला. त्यानंतर तो रोज सकाळी उठून त्यांच्या दारावरून पारापर्यंत जायचा आणि तसाच परत यायचा. काम काही नसायचं. पारावर बसायचा नाही, बोलायचा नाही. अंगात ताप असला तरी जायचा. एकदा पाऊस लागला म्हणून उशीर झाला, तर तो दीर भिजत आमच्या अंगणात येऊन उभा राहिला, दारातून बाला पाहिलं आणि वळून गेला. माझं लग्न होऊन मी औरंगाबादेत आले, तोवर हे असंच चालू होतं.