सातव्या खजुराची पोय

सकाळचे सहा वाजून वीस मिनिटे. मार्च १९८४. आखातातल्या बुदैयाच्या रस्त्यालगतच्या खजुराच्या बागेत रावजी धुरी सातव्या झाडाची पोय, म्हणजे फुलोऱ्याचा कोष, चाचपत होता. पहिलीच पोय, अजून बंद.

रावजी कुडाळकडचा, माडावर चढणारा. १९७६ साली इथे आला तेव्हा अरबाबने, म्हणजे मालकाने, सात खड्डे दाखवून झाडे लावायला सांगितली. इथले लोक मादी झाडाच्या बुंध्याशी फुटलेला कोंब लावतात. रावजीने उत्तम खजुराच्या बिया रुजवल्या. गावी माड नारळापासूनच होतो आणि नर-मादी फुले एकाच पोयीत येतात. खजुरात नराचे झाड वेगळे असते आणि बियांची झाडे फुलेपर्यंत ते कळत नाही, हे त्याला समजले तेव्हा रोपे गुडघ्याएवढी झाली होती. अरबाब हसला, म्हणाला, वाढू दे.

पुढे विहिरीचे पाणी मचूळ झाले, कमीही झाले. यंदा अरबाबने सांगितले, एकही मादी निघाली नाही तर ओळ तोडायची. मग बागेला एकच माणूस पुरे. रावजीचा व्हिसा मेमध्ये संपत होता.

पाच झाडे नर निघाली होती. एक वाळले होते. शेजारच्या बागांतले लोक पोय पिकली का हे रावजीलाच विचारत.

"रावजीभाऊ, मुलगी बघायला आलात काय? किती वेळ?" अरबाबचा ड्रायव्हर, श्रीवर्धनचा नजीब, टोपली धरून उभा होता.

"गप रव. ऐकतंय मी."

पोय आखूड होती, मधे फुगीर. रावजीने ती दोन बोटांत दाबली. आत करकर वाजले. पिकलेला नर तसा वाजतो. तरीही त्याने कोयत्याने साल चिरली. मादीचे हिरवट मणी नव्हते. दाटीने पांढरी फुले होती, बोटांना परागांचे पीठ लागले.

"खलास," नजीब म्हणाला. मग हळू आवाजात, "अरबाबला मी सांगू?"

"मीच सांगान. झाडां मीच लायलंय मा?"

पोय त्याने टाकली नाही. दुपारपर्यंत, फळ धरावे म्हणून, तिच्या काड्या अकरा जुन्या माद्यांच्या फुलोऱ्यात बांधल्या. मग अरबाबकडे गेला. एक तरी झाड ठेवा, म्हणाला. बागेत दोन जुने नर आहेत, अरबाब म्हणाला, पन्नास माद्यांना तेवढे पुरतात. हिशेब बरोबर होता.

उद्या सहाला रावजी पंप सुरू करील. या ओळीचा पाट बंद राहील. सात वाजता करवत पहिल्या झाडाला लागेल, आणि ती रावजीच चालवणार आहे.