नागपूर बंदरात पाच तास

नागपूरच्या माणसाला समुद्राचं काय? आमच्याकडे पाणी म्हणजे नळाचं, तेही सकाळी तासभर. अंबाझरी आणि फुटाळा हे आमचे समुद्र. तरी मी छातीठोकपणे सांगते, जहाज बंदरात थोडा वेळ थांबलं तर त्या वेळाचं सोनं कसं करायचं ते मला पक्कं ठाऊक आहे. मामाने शिकवलं, आणि तेही भर नागपुरात.

मामा म्हणजे मायचा थोरला भाऊ. मालवाहू जहाजावर खलाशी होता. एकोणिसाव्या वर्षी घर सोडून मुंबईला गेला आणि तिथून पाण्यावर. आमच्याकडे चार-पाच वर्षांतून एकदा यायचा. साठचं दशक संपत आलं होतं तेव्हा त्याचं पत्र आलं. मुंबईला एक जहाज सोडून कलकत्त्याला दुसऱ्यावर चढायचं होतं. रेल्वे नागपुरावरूनच जाते, म्हणून मधे उतरणार होता. सकाळी नऊला येणार, दुपारी दोनच्या गाडीने जाणार. पाच तास.

मायने पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मी मनातल्या मनात तिसऱ्यांदा वाचलं, कारण माझं अख्खं आयुष्य त्या पाच तासांवर येऊन अडकलं होतं.

झालं होतं असं की पुण्याच्या एका इस्पितळात नर्सिंग शिकायला माझी निवड झाली होती. तीन वर्षं हॉस्टेलात राहायचं होतं. फॉर्मवर पालकाची सही हवी होती आणि तो दोन दिवसांत टपालात पडायला हवा होता. बाबा गिरणीत होते, ते तीन वर्षांपूर्वी वारले. पालक म्हणजे माय. तिला सही येत होती, प्रौढ वर्गात जाऊन शिकली होती. पण मी फॉर्म काढला की तिला चुलीवरचं काहीतरी आठवायचं. तीनदा काढला, तीनदा उठून गेली. नाही म्हणाली असती तर मी भांडले असते, भांडणात मी कुणाला हार जाणारी नव्हे. पण उठून जाणाऱ्या बाईशी भांडायचं कसं?

मायने ऐकलं असतं तर एका मामाचं. तेव्हा मी फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवला, सायकल काढली आणि साडेआठलाच स्टेशनवर हजर झाले.

गाडी आली. मामा उतरला. काळाकभिन्न, रुंद खांद्यांचा, हातात एक पत्र्याची पेटी. मी नमस्कार केला आणि लगेच वहीतला कागद पुढे केला. रात्री बसून पाच तासांचा कार्यक्रम आखला होता मी: दीक्षाभूमी, सीताबर्डी, महाराजबाग, संत्र्यांचा बाजार, तेलंखेडी बाग, मग घर. मामाने तो फलाटावर उभ्याउभ्या वाचला.

"हे सारं पाच तासांत?"

"होते मामा. मी आहे ना."

"पोरी, बंदरात जहाज पाच तास राहिलं तं एकच काम काढायचं. दोन काढले का जहाज सुटते. कोलंबोत आमच्यातल्या एकानं तीन कामं काढले होते. त्याले मंग आमी दोन महिन्यांनी पाहिलं."

कागद घडी करून त्याने मला परत दिला. मग सरळ बाहेर न जाता तो पुलावरून पलीकडच्या फलाटावर गेला. दोनची गाडी कुठे लागते ते हमालाला विचारलं आणि तिथल्या खांबावर हात ठेवून आला. परतीचा रस्ता आधी पाहायचा, हा त्याचा दुसरा नियम. मला हसू आवरेना. पण पुढे जन्मभर कुठल्याही नव्या गावात मी हेच केलं, आणि माझी एकही गाडी चुकलेली नाही.

"मंग तुमचं एक काम कोणतं?"

"दीक्षाभूमी. आन् बहिणीच्या हातचं जेवण."

"हे तं दोन झाले."

"जेवण काम नसते, पोरी."

पेटी क्लोकरूममध्ये ठेवून मामा सायकलरिक्षात बसला. मी माझ्या सायकलवर पुढे. सीताबर्डीच्या चढावर रिक्षावाला खाली उतरून रिक्षा ओढू लागला, मी मात्र पॅडल मारत वर गेले आणि ऐटीत वळून पाहिलं. मामा ओरडला, "बराबर! बंदरात शिरताना पुढं पायलटची बोट लागते!" त्या शाबासकीवर मी दीक्षाभूमीपर्यंत हवेत गेले.

तेव्हा तिथे आजच्यासारखं काही नव्हतं. मोकळं मैदान. छप्पन साली आमच्या घरच्या सगळ्यांनी तिथे दीक्षा घेतली तेव्हा मामा कुठल्याशा समुद्रात होता. त्याला ते दोन महिन्यांनी पत्रातून कळलं. चपला काढून तो उभा राहिला. मग म्हणाला, "तुही माय कुठं बसली होती?"

आता मला काय आठवणार! मी सात वर्षांची होते, त्या गर्दीत मला मायच्या पदराशिवाय काही दिसलं नव्हतं. पण प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं हा माझा स्वभाव. मी ठासून बोट दाखवलं, "तिथं. त्या दगडाच्या बाजूनं." मामा गेला आणि त्या जागी मांडी घालून बसला. इतका शांत बसला की मला माझ्या थापेची लाज वाटली. अजून वाटते, पण खरं सांगितलं असतं तर तो कुठे बसला असता?

तिथेच मी त्याला फॉर्म दाखवला. त्याने वाचला. "तुही माय काय म्हणते?"

"काही म्हणतच नाही. चुलीपाशी जाऊन बसते."

"पाहू," मामा म्हणाला. एवढंच. मला वाटलं, झालं काम.

नंदनवनकडच्या आमच्या दोन खोल्यांत पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. आत शिरताच मामाची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. तिथे अकरा पन्नास. त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, चावी ओढली आणि काटा वीस मिनिटं पुढे केला. जहाजावर दर दोन दिवसांनी हुकूम यायचा, काटा पुढे करा, काटा मागे करा. काहून म्हणून विचारायची रीत नव्हती. जमिनीवरचं घड्याळ खरं आणि खलाशाचं खोटं, हा त्याचा तिसरा नियम.

आणि आमच्या घरचं घड्याळ तर मुळातच खोटं. गिरणीची पाळी चुकू नये म्हणून बाबांनी ते वीस मिनिटं पुढे करून ठेवलं होतं. बाबा गेले, पण त्या काट्यांना हात लावायची कुणाची छाती झाली नाही. आम्ही घड्याळ बघायचो आणि मनात वीस वजा करायचो. इतकी सवय, की पाहुण्याला सांगायचं असतं हेही विसरलो होतो. मामाला सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात मायने पाण्याचा तांब्या मागितला आणि ते राहूनच गेलं.

मायने त्या दिवशी काय केलं असेल? लांब रोटी. ज्याने ती होताना पाहिली नाही त्याला सांगते: पातळसर कणीक आपटून आपटून लवचिक करायची, दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवर उपड्या घातलेल्या मडक्यावर पसरायची. करणारीला मान वळवायचीसुद्धा सवड नसते. मी ताबडतोब ओळखलं. भावाचे लाड होतेच, पण ही बाई चुलीपासून हलायचं नाही असं ठरवूनच बसली होती.

तिकडे बाहेरच्या खोलीत अख्खा शेजार जमला. समुद्राचं पाणी खरंच खारट राहते का? मग तिथले मासे पाणी कोणतं पेतात? जहाजावर उलटी झाली तं कुठं करता? मामा सगळ्यांना हसून उत्तरं देत होता. मी दारात उभी राहून दात ओठ खात होते. दोनदा त्याने आत जाऊन "बाई, ऐक वं" म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "सरक भाऊ, रोटी जळून राहिली."

जेवण झालं. रस्सा असा होता की मामाच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळंच काही तिखटाचं नव्हतं. फॉर्म मात्र माझ्या पर्समध्ये तसाच. मामाने मनगटाकडे पाहिलं आणि ताडकन उठला.

"एक वाजला. निघालं पाहिजे."

खरे बारा चाळीस झाले होते. मला त्याच क्षणी आठवलं. जीभ उचलली आणि तिथेच धरली. सांगितलं असतं तर काय झालं असतं? आणखी वीस मिनिटं रोट्या, आणखी वीस मिनिटं खारट पाणी. या घरात वेळ वाढवून उपयोग नव्हता. स्टेशनवर निदान चूल नव्हती. पण स्टेशनवर माय तरी कुठे येणार होती? आणि मुख्य म्हणजे, घड्याळ पुढे आहे हे तिला माहीत होतं, ती आता सांगणारच.

मायने भिंतीकडे पाहिलं, मामाच्या मनगटाकडे पाहिलं.

"आपल्या बी घड्याळात एकच वाजला," ती म्हणाली. "तुहं जहाजाचं घड्याळ बी तेच सांगते, मंग खरंच असन." मग तिने चुलीतली लाकडं बाहेर ओढली, त्यांवर पाणी मारलं आणि पदराला हात पुसले. "थांब. मी बी येतो."

आमच्याकडे बायाही येतो-जातोच म्हणतात. पण माय पाहुण्याला पोचवायला स्टेशनवर येते, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते.

ती दोघं रिक्षात, मी सायकलवर. या वेळी मी मुद्दाम मागे राहिले, पण काही ऐकू आलं नाही. 

क्लोकरूममधून पेटी सोडवून मामा फलाटावर आला आणि त्याने वर घड्याळाकडे पाहिलं. एक वीस. मनगटावर एक चाळीस.

"आँ! हे बंद पडलं का?"

"बंद नाही," माय शांतपणे म्हणाली. "घरचं पुढं आहे. हिच्या बाबानं केलं होतं, गिरणीसाठी."

मी सायकलीच्या चाव्या हातात तशाच धरून उभी. "माय, तुले ठाऊक होतं?"

"चावी रोज मीच देतो त्याले. मले ठाऊक नसन तं कोणाले असन?"

"मंग घरी काहून नाही बोलली?"

"तू काहून नाही बोलली वं?"

 मामा पेटीवर बसून पोट धरधरून हसायला लागला. माय हसली नाही. ती त्याच्या शेजारी पेटीच्या कडेवर टेकली. तिच्या हातात काही नव्हतं. पोळपाट नाही, चिमटा नाही, काही नाही. ते हात कुठे ठेवावे हेच तिला कळत नव्हतं.

"घरी मले बोलता येत नाही, भाऊ," ती म्हणाली. "चूल पाह्यली का मी तिच्याच मांगं लागतो. हे पोरगी चालली पुण्याले. सही तं मी करन. पण ही गेल्यावर मी सैपाक कोणासाठी करू?"

तीन वेळा ती का उठून गेली ते मला आत्ता कळलं. मी तिला अडाणी समजत होते, भित्री समजत होते. तिला फक्त एवढंच विचारायचं होतं आणि ते माझ्यासमोर विचारायचं नव्हतं.  भांडायची सगळी तयारी वाया गेली.

मामा हसायचा थांबला. "मी गेलो तवा आपल्या मायनं हेच इचारलं असन. तरी तिनं शिदोरी बांधून देल्ली."

"मायनं?" माय उसळून म्हणाली. "माय तीन दिस तुह्याशी बोलली नाही. शिदोरी मी बांधली होती! बारा वर्षांची होतो मी. भाकरी करपल्या होत्या."

"त्या करपल्या होत्या खऱ्या," मामा म्हणाला. "मुंबईपर्यंत पुरवल्या मी."

माय त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "आण."

मी फॉर्म दिला, मामाने खिशातला पेन दिला. पेटीच्या झाकणावर कागद ठेवून ती वाकली. एकेक अक्षर काढायला तिला वेळ लागायचा. घाई करायची कुणाला गरज नव्हती. सही झाल्यावर तिने कागदावर फुंकर मारली, रोटीवरचं पीठ उडवते तशी, आणि म्हणाली, "रोटी नाही बांधून देणार. शिळी चांगली नाही लागत. भाकरीच देईन."

गाडी आली. मामाने दारातून ओरडून सांगितलं, "एकच काम केलं, पाह्यलं ना पोरी? बाकी सारं राह्यलं!" नंतर तो आणखी दोनदा आला आणि दर वेळी आत शिरताच मनगटावरचं घड्याळ पुढे करायचा. आता मुद्दाम.

आठ दिवसांनी माझी गाडी होती. घरातून निघायला माय सारखी घाई करत होती, भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून. मी वीस वजा केले आणि ट्रंक उचलली. फलाटावर गाडी यायला बराच वेळ होता. आम्ही दोघी माझ्या ट्रंकेवर बसलो. मायच्या मांडीवर भाकरीचं गाठोडं होतं. ते तिने माझ्याकडे दिलं आणि रिकामा झालेला हात माझ्या हातात ठेवून गाडी येईपर्यंत तसाच राहू दिला.