विजयाच्या पानातला मासा

माझ्या बायकोला मासा आवडायचा.

झालं. लिहिलं एकदाचं. पन्नास वर्षं लागली.

तिच्या पुण्याच्या माहेरी चातुर्मासात कांदासुद्धा घरात येत नसे. ती सगळी मंडळी माझ्या फ्रेंडलिस्टवर आहेत. असू देत. म्हणूनच ही पोस्ट पब्लिक ठेवली आहे.

विजयाला जाऊन आज वर्ष झालं.

परवा गौरीने, आमच्या लेकीने, एक लिंक पाठवली. इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या खेड्यांचे जुने फोटो. खाली एक ओळ: “बाबा, इज वन ऑफ दीज युअर व्हिलेज?”

अकरावा फोटो.

बंदराची दगडी भिंत. भिंतीत गंजलेली लोखंडी कडी. ओहोटीच्या चिखलात कुशीवर पडलेली होडकी. कोपऱ्यात पांढऱ्या टाइल्सचं, तळलेल्या माशांचं दुकान.

फोटोत माणूस एकही नाही. मला मात्र आम्ही दोघं दिसलो.

विजया तिथल्या लहानशा हॉस्पिटलमध्ये ज्युनिअर डॉक्टर होती. मी इंजिनिअर, पण बेकार. अमेरिकेत डेट्रॉइटची नोकरी, जवळच्या नोव्हाय गावातलं घर, हे सगळं नंतरचं. तेव्हा मला एकच काम. दुपारी तिचा डबा घेऊन त्या भिंतीवर बसायचं आणि शाळेत पाठ केलेल्या कविता समुद्राला म्हणून दाखवायच्या.

“तुमच्या पाठ्यपुस्तकातला समुद्र नेहमी निळा कसा हो?” ती विचारायची. “हा बघा. भांडी विसळलेल्या पाण्यासारखा.”

“कवीला निळा दिसला असेल.”

“कवी जेवून आला असेल. मला भूक लागलीय.”

त्या दिवशी मी पोळ्या करपवल्या होत्या. तिने डबा उघडला, बघितला, बंद केला. समोरच्या दुकानात गेली आणि कागदाचं गरम पुडकं घेऊन आली. तळलेला मासा, बटाट्याच्या जाड फोडी, वर मीठ आणि भरपूर व्हिनेगर.

मी आजूबाजूला बघून घेतलं. यॉर्कशरच्या किनाऱ्यावर पुण्याचं कोणी दिसतंय का!

तिने दुसरा घास तोंडाशी नेला तेवढ्यात वरून एक सीगल, तिथला धीट समुद्रपक्षी, आला आणि अख्खा तुकडा घेऊन गेला.

“ए मेल्या, सोड!”

अख्खं बंदर वळून बघायला लागलं. पांढऱ्या कोटातली, साडी नेसलेली माझी बायको मूठ उगारून आकाशाशी भांडत होती.

कविता म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. बाई शाळेत उगाच अलंकार शिकवत बसल्या.

मग दर शुक्रवारी मासा. पुण्याच्या पत्रात मात्र मी लिहायचो, “इकडे भाज्या चांगल्या मिळतात.”

गेल्या वर्षी, जायच्या आठवडाभर आधी, ती म्हणाली, “अहो, माझ्या पानात वडे नि खीर वाढाल. ते काय मला आवडायचं?”

“मग काय वाढू?”

“तो मासा. भिंतीवरचा. आणि मालूताईला सांगा. मला नाही जमलं ते.”

मालूताई ही तिची थोरली बहीण.

“सांगेन.”

“नाही सांगणार तुम्ही. भित्रे आहात.”

खरं होतं. दहाव्याला मी गप्प बसलो. घरामागच्या डेकवर पान मांडलं, वडे, खीर, सगळं साग्रसंगीत. तासभर कावळा फिरकला नाही. अमेरिकेतल्याच पार्सिपनी गावचे गुरुजी व्हिडिओ कॉलवर म्हणाले, “काका, हरकत नाही. दर्भाचा कावळा करा आणि शिववून घ्या.”

गवताचा कावळा शिवला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी सोडून.

वर्षभर तो गवताचा कावळा मला टोचत होता.

आज सकाळी श्राद्धाचं पान मांडलं. शेजारी मी कागदाचं पुडकं ठेवलं. फोनच्या स्क्रीनवर पुण्याहून मालूताई.

“अनंतराव, कागदात काय आणलंत?”

“मासा, मालूताई. व्हिनेगर घातलेला, विजयाचा.”

“विजू असलं खायची नाही.”

“दर शुक्रवारी खायची. मी साक्षीदार आहे.”

“तुम्हीच नादी लावलं असणार तिला!”

“तिने मला लावलं.”

“श्राद्धाच्या पानाशेजारी? कावळा शिवायचा नाही!”

“नाही शिवला तर नाही. कावळ्याचा तिला काय उपयोग?”

स्क्रीन काळी झाली. मी मान ताठ ठेवली.

गौरी म्हणाली, “बाबा, नाऊ व्हॉट?”

“गाडी काढ.”

मिशिगनमध्ये समुद्र नाही, पण सीगल आहेत. ते ग्रोसरी स्टोअरच्या पार्किंग लॉटमध्ये असतात, रिकाम्या शॉपिंग कार्ट्सवर मालकासारखे बसलेले.

“बाबा, समवन विल कॉल द कॉप्स.”

“करू दे. श्राद्ध चालू आहे म्हणून सांगेन.”

मी पुडकं उघडलं. थंडीत वाफ वर गेली, व्हिनेगरचा वास पसरला. गौरीने एक तुकडा उचलून हातात धरला. वरून झडप आली.

“ए मेल्या, सोड!”

गौरी ओरडली. मराठीत. तोच आवाज, तीच मूठ.

मग आम्ही दोघं तिथेच फुटपाथवर बसलो. हसत होतो की रडत होतो, सांगता येणार नाही. तुकडाभर मासा उरला होता, तो अर्धा-अर्धा खाल्ला.

आत्ता हे लिहिताना मालूताईंचा मेसेज आला. पुण्यात पहाट असेल.

“विजू लहानपणी कैरीसाठी माझ्याशी भांडायची. ते व्हिनेगर आंबट असतं का?”

मी लिहिलं, “खूप.”

बाकीच्या नातेवाइकांनी काय बोलायचं ते खाली कॉमेंटमध्ये बोलावं. मी वाचेन. डिलीट करणार नाही. पोस्टही नाही आणि मासाही नाही.

विजया, सांगितलं गं. पोचलं ना?

तुला मीठ-व्हिनेगरसकट, भावपूर्ण श्रद्धांजली.