अंड्यांचा चोर

मी कोंबडीला अंड्यांची टरफलं न कुटता, तशीच खायला घातली. आजही अंडं फोडलं की हातातलं टरफल मला कांजूरमार्गच्या चाळीत नेतं.

रोज अंडी गायब व्हायची आणि माझा संशय शेजारच्या सुलूमावशीवर होता. माझ्या कोंबड्या तिच्याच उरलेल्या भातावर पोसल्या होत्या, तरीही. तिच्याकडून ऑम्लेटचा वास आला की मी दारात घुटमळायचो. एका सकाळी ती खुराड्यापाशी वाकलेली दिसली.

"सापडलीस! अंडं कुठाय, मावशी?"

तिने बोट दाखवलं. माझी लाडकी कोंबडी स्वतःचंच अंडं फोडून खात होती, चोचीला पिवळा बलक लागलेला.

"मेल्या, टरफलाची चटक तिला तू लावलीस, आणि महिनाभर माझ्या तव्याचा वास घेत फिरलास?"